स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर डॉक्टर, तपासण्या आणि तारखांचा मेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निदान झालेल्या घरांतून जे प्रश्न पुन्हापुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. कोणते औषध घ्यावे, हे या पानावर मिळणार नाही. ते आपले डॉक्टरच सांगतील. कोणाकडे केव्हा जायचे, जाताना काय न्यायचे आणि एका डॉक्टरांनी लिहिलेले दुसऱ्यांपर्यंत कसे पोहोचवायचे, एवढाच या पानाचा विषय आहे. माझ्या वहिनीच्या उपचारांच्या काळात फाइल सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. पुढील उत्तरांतील बऱ्याच सूचना तेव्हाच्या चुकांतून आलेल्या आहेत.

१. बायोप्सीत कर्करोग निघाला आहे. सर्वांत आधी कोणत्या डॉक्टरांकडे जायचे?

कॅन्सर सर्जनकडे, म्हणजे कर्करोगाच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. पहिला उपचार शस्त्रक्रियाच असेल असे नाही (प्रश्न ६ पाहा), परंतु गाठ किती मोठी आहे, काखेत गाठी लागतात का, स्तन वाचवता येईल का, हे हाताने तपासून पुढची दिशा ठरवण्याचे काम बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडूनच सुरू होते. ओळखीच्या जनरल सर्जनने ‘गाठ आहे ना, काढून टाकू’ असे म्हटले, तरी तेथेच थांबावे. घाईने अर्धवट काढलेल्या गाठीमुळे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि मूळ गाठीचे नेमके मोजमापही हातचे जाते.

शक्य असेल तर शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे तिन्ही विभाग असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याचे खारघरचे केंद्र ॲक्ट्रेक सर्वांना ठाऊक असते. परंतु बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय हेही पर्याय आहेत, याची त्या-त्या भागातील लोकांनाही अनेकदा कल्पना नसते.

२. एकाच आजाराला इतके डॉक्टर कशासाठी?

गाठ आणि काखेतील गाठी काढण्याचे काम सर्जनचे असते. केमोथेरपी, हर-टू (काही गाठींच्या पेशींवर जास्त प्रमाणात असणारे एक प्रथिन) विरोधी इंजेक्शने आणि हार्मोनच्या गोळ्या मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट ठरवतात. ज्याला आपल्याकडे ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात, ते रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टचे काम. या तिघांच्या मागे गाठीचा तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट आणि मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सीटी यांचे अहवाल देणारे रेडिओलॉजिस्ट असतात. त्यांची भेट सहसा होत नाही, मात्र सगळे निर्णय त्यांच्याच कागदावर उभे असतात.

मोठ्या रुग्णालयांत हे सर्व जण एकत्र बसून रुग्णाची चर्चा करतात. तिला ट्यूमर बोर्ड किंवा जॉइंट क्लिनिक म्हणतात. ‘आमच्या रुग्णाची चर्चा तेथे होणार आहे का आणि झाली असेल तर तिचा निर्णय फाइलवर लिहिला आहे का?’ हा प्रश्न पहिल्या दोन भेटींतच विचारावा. तोंडी सांगितलेला निर्णय पुढच्या ओपीडीतील निवासी डॉक्टरांपर्यंत पोहोचतोच असे नाही.

३. घरचे म्हणतात, उद्याच ऑपरेशन करून टाका. तपासण्यांत दोन-तीन आठवडे गेले तर आजार पसरेल का?

निदानापासून उपचार सुरू होईपर्यंत तपासण्यांसाठी दोन-तीन आठवडे जाणे सर्वसाधारण आहे. एवढ्या काळाने बहुतेक रुग्णांच्या बाबतीत फरक पडत नाही. गाठ घड्याळाच्या काट्याप्रमाणे रोज पुढे सरकत नसते. मात्र स्तनावर अचानक लाली आणि सूज येणे, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा होणे, धाप लागणे, पाठीत किंवा हाडांत न थांबणारे दुखणे, यांपैकी काही असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे.

खरी दिरंगाई आठवड्यांत नसते, विसरलेल्या गोष्टींत असते: रिपोर्ट तयार होऊन खिडकीपाशी पडून राहतो, फिशचा (हर-टूच्या पुढच्या चाचणीचा, प्रश्न ६ पाहा) नमुना पाठवलेलाच नसतो, हृदयाच्या इकोची तारीख कोणी घेतलेलीच नसते. धावपळ करायची तर ती येथे करावी.

४. फाइलमध्ये नेमके काय ठेवायचे?

बायोप्सीचा अहवाल, त्यातील ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का, हे सांगणाऱ्या चाचण्या) आणि हर-टू यांचे निकाल, मॅमोग्राफीची फिल्म व अहवाल, सोनोग्राफी, रक्ततपासण्या, सर्व डिस्चार्ज कार्डे आणि प्रत्येक केमोच्या दिवशी मिळालेला औषधांच्या मात्रांचा कागद ठेवावा. सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन (आजार शरीरात इतरत्र पसरला आहे का ते पाहणारी तपासणी) झाले असेल तर नुसता कागद पुरत नाही, सीडी लागते. ती घेताना चालते का, हे तेथेच एखाद्या संगणकावर पाहून घ्यावे.

सर्वांत वर एक साधा कागद असावा. त्यावर वय, रक्तगट, इतर आजार आणि त्यांच्या गोळ्या, औषधांची ॲलर्जी, पाळी चालू आहे की थांबली, घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, आणि आजवर काय झाले त्याच्या तारखा, असे सारे एका पानात लिहावे. आमच्या फाइलवर आधी असा कागद नव्हता. वहिनींना पेनिसिलिन चालत नाही, हे पहिल्या तीन भेटींत तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारले आणि चौथ्या भेटीत कोणीच विचारले नाही. त्या दिवशी लिहून दिलेली गोळी औषधांच्या दुकानातल्या मुलाच्या चौकशीमुळे टळली. रात्री घरी येऊन तो कागद केला आणि ॲलर्जीची ओळ लाल पेनने लिहिली.

मूळ अहवाल कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. मोबाइलवर फोटो असावेतच, परंतु शंभर फोटोंतून हवा तो अहवाल शोधेपर्यंत डॉक्टरांची वेळ संपते.

५. दुसऱ्या रुग्णालयाने ‘ब्लॉक आणि स्लाइड आणा’ असे सांगितले. ते काय असते आणि कोठून मिळते?

बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. पोस्टाच्या तिकिटाहून जरासा मोठा प्लॅस्टिकचा चौकोनी साचा, त्यात पांढुरके मेण आणि मेणात तांदळाच्या दाण्याएवढे किंवा सुतळीसारखे करडे तुकडे, असे त्याचे रूप असते. साच्याच्या कडेवर नमुन्याचा क्रमांक असतो. या ब्लॉकमधून कापलेल्या अत्यंत पातळ चकत्या काचेवर लावून रंगवल्या की स्लाइड तयार होते. नव्या रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट जुन्या अहवालावर विसंबून न राहता स्वतः स्लाइड पाहतात, आणि तसे पाहणेच योग्य आहे, कारण पुढचा सगळा उपचार त्या निकालावर ठरतो.

ज्या प्रयोगशाळेत बायोप्सी तपासली तेथे लेखी अर्ज आणि रुग्णाचे ओळखपत्र दिले की ब्लॉक मिळतो. त्याच दिवशी मिळेलच असे नाही, म्हणून आधी फोन करावा. साच्यावरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक खिडकीवरच जुळवून पाहावा. काम झाल्यावर ब्लॉक परत घ्यायला विसरू नये. पुढे कधी आणखी चाचणी करायची झाली तर तोच तुकडा लागतो. आणखी एक: मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नये. ते मेणच आहे.

६. काहींचे ऑपरेशन आधी होते, काहींची केमो. तारखांच्या दृष्टीने याने काय बदलते?

गाठ मोठी असेल, काखेत आजार पोहोचला असेल, किंवा आजार हर-टू पॉझिटिव्ह अथवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह) प्रकारचा असेल, तर केमो आधी देण्याकडे कल असतो. म्हणून ईआर, पीआर आणि हर-टू यांचे निकाल हातात येण्यापूर्वी शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नये. हर-टूचा निकाल ‘२+’ आला तर तो ना होकार असतो ना नकार. अशा वेळी फिश नावाची पुढची चाचणी त्याच ब्लॉकवर करतात आणि तिला आणखी काही दिवस लागतात. ‘फिशसाठी नमुना गेला का, कोणत्या तारखेला गेला?’ हे स्वतः विचारावे.

केमो आधी द्यायची ठरली तर पहिल्या मात्रेपूर्वी सोनोग्राफीच्या साह्याने गाठीत धातूची बारीकशी क्लिप बसवायची आहे का, ते विचारून घ्यावे. केमोने गाठ कधीकधी पूर्ण विरघळते, आणि स्तन वाचवायचा असेल तर ती कोठे होती याची खूण सर्जनला लागते. ही भेट रेडिओलॉजी विभागाची असल्याने सर्जन आणि केमोचे डॉक्टर यांच्यामध्ये राहून जाते. उलट शस्त्रक्रिया आधी झाली, तर काढलेल्या गाठीचा अंतिम अहवाल आल्याखेरीज केमोच्या डॉक्टरांची भेट घेऊन उपयोग नसतो. ती तारीख अहवालाच्या अंदाजानेच मागावी.

७. पेट-सीटी केल्याशिवाय उपचार सुरू करू नका असे शेजारी सांगतात. तो लागतोच का?

नाही. गाठ लहान आहे, काखेत काही लागत नाही आणि इतर त्रास नाही, अशा सुरुवातीच्या टप्प्यात तो सहसा सांगत नाहीत. आजार पुढच्या टप्प्यातील वाटत असेल तर सांगतात. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय बाहेरून करून नेऊ नये.

८. केमो सुरू होण्यापूर्वी आणखी कोणाकोणाकडे जावे लागते?

तारखा सर्वाधिक येथे चुकतात, म्हणून हे उत्तर मोठे आहे.

हृदयाची टू-डी इको ही पहिली गोष्ट. डॉक्सोरुबिसिनसारखी केमोची औषधे आणि ट्रॅस्टुझुमॅब (हर-टू विरोधी इंजेक्शन) ही दोन्ही हृदयावर परिणाम करू शकतात. ट्रॅस्टुझुमॅब चालू असताना इको साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते आणि हे औषध बहुधा वर्षभर चालते. म्हणजे पुढच्या चार इकोंच्या तारखा पहिल्याच दिवशी वहीत लिहिता येतात. आमच्याकडे तिसऱ्या मात्रेच्या सकाळी, सुई लावण्याच्या खुर्चीत बसल्यावर इको जुनी असल्याचे निघाले आणि सात तासांचा प्रवास करून आलेली मंडळी परत गेली.

दुसरे, हिपॅटायटिस बी आणि इतर रक्ततपासण्या. तिसरे, मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइड असेल तर नेहमीच्या फिजिशियनची भेट. केमोसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने साखर वाढते, आणि इन्सुलिनची मात्रा त्या दिवसांपुरती कोण बदलणार, हे आधीच ठरलेले असावे. चौथे, दात. पुढे हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड देण्याची शक्यता असेल तर किडलेले दात आधीच काढून घेतात, कारण नंतर दात काढल्यास जबड्याच्या हाडाला इजा होण्याचा धोका असतो.

पाचवे सर्वांत नाजूक आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे. रुग्ण तरुण असेल आणि पुढे मूल हवे असेल, तर वंध्यत्वतज्ज्ञांची भेट पहिल्या केमोच्या आधीच व्हावी लागते. बीजांडे किंवा भ्रूण गोठवून ठेवण्यास साधारण दोन आठवडे लागतात. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर आपण काढावा. सासूसासरे समोर असताना मुलीला तो काढता येत नाही, म्हणून एखादी भेट तिने आणि नवऱ्याने दोघांनीच घ्यावी.

आनुवंशिक तपासणीच्या निकालाला काही आठवडे लागतात आणि त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार बदलू शकतो, म्हणून तिचा नमुना शेवटी पाठवण्याऐवजी सुरुवातीलाच पाठवावा.

९. वर्षभराच्या तारखा एकमेकींत अडकू नयेत म्हणून वेळापत्रक कसे मांडावे?

भिंतीवरचे मोठे कॅलेंडर घ्यावे, ज्याच्या चौकोनात लिहिता येते. केमो तीन आठवड्यांनी असेल तर प्रत्येक तारखेच्या एक-दोन दिवस आधी ‘सीबीसी’ (रक्तातील पेशींची तपासणी) लिहावे. पांढऱ्या पेशी पुरेशा नसतील तर केमो पुढे जाते आणि हे प्रवासाला निघण्यापूर्वी कळलेले बरे. केमोनंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी. पेशी सर्वांत कमी असतात ते हे दिवस. लग्न, जत्रा, दातांची भेट यांपैकी काहीही त्यात ठेवू नये.

शस्त्रक्रियेनंतर केमो साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात. केमो आधी झाली असेल तर शेवटच्या मात्रेनंतर तीन ते सहा आठवड्यांत शस्त्रक्रिया होते. रेडिएशन बहुधा या दोहोंनंतर येते आणि त्याची तयारी स्वतंत्र असते. एका दिवशी सीटी करून अंगावर खुणा करतात, त्यानंतर आखणीला काही दिवस जातात आणि मग आठवड्यातून पाच दिवस रोज जावे लागते. पंधरा बैठका म्हणजे तीन आठवडे, कधी त्यावर थोड्या अधिक. काही निवडक रुग्णांना पाच बैठकांतही देतात. म्हणून शेवटची केमो होण्यापूर्वीच रेडिएशनच्या डॉक्टरांची पहिली भेट घेऊन ठेवावी, कारण मशीनची रांग तेथेच असते.

एक बारकावा: रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर घेऊन स्थिर पडावे लागते. शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडला असेल तर ते जमत नाही आणि तारीख पुढे जाते. फिजिओथेरपीची भेट ही सोय म्हणून नाही, ती या साखळीतली कडी आहे.

१०. ऑपरेशन मुंबईत आणि केमो आमच्या जिल्ह्यात, असे चालते का?

चालते आणि अनेक घरांना तेच झेपते. मुंबईच्या डॉक्टरांकडून औषधांची नावे, मात्रा, किती वेळा, कोणत्या तपासण्या आणि काय झाल्यास कळवावे, हे लेखी घ्यावे. सन २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरची कर्करोग रुग्णालये जोडलेली आहेत आणि उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे आखली जातात. जवळचे रुग्णालय त्यात आहे का, हे मुंबईतच विचारावे. फक्त ‘मुख्य डॉक्टर कोण?’ हे दोन्हीकडे स्पष्ट असावे.

११. दोन डॉक्टरांनी दोन वेगळे उपचार सांगितले. कोणाचे ऐकायचे?

बऱ्याचदा दोघांसमोर वेगवेगळे कागद असतात. एकाने फिशचा निकाल पाहिलेला असतो, दुसऱ्याने नाही. म्हणून प्रथम दोघांनी तेच अहवाल पाहिले आहेत का, हे पडताळावे. तरीही फरक राहिला तर पहिल्या डॉक्टरांना सरळ सांगावे, ‘डॉक्टर, दुसरे मत असे आले आहे, आपल्याला काय वाटते?’ यात अपमान नाही. तिसरे, चौथे, पाचवे मत मात्र घेऊ नये. एवढ्या भेटींत जे आठवडे जातात ते प्रश्न ३ मधील निरुपद्रवी आठवडे नव्हेत.

१२. महात्मा फुले योजनेचा तारखांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, परंतु योजनेत असलेल्या रुग्णालयातच, आणि नियोजित उपचारांसाठी आधी मंजुरी घेऊन. रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांना शस्त्रक्रियेची तारीख मिळण्याच्या आधीच भेटावे. रेशनकार्ड आणि आधारवरील नावात एक काना-मात्रा वेगळी असली तरी कागद अडतो आणि ती दुरुस्ती तहसील कार्यालयातून होऊन येईपर्यंत दिवस जातात. ७० वर्षे किंवा अधिक वयाच्या रुग्णांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचे स्वतंत्र कार्ड मिळते.

१३. परळला यायचे तर राहायचे कोठे आणि प्रवासाचे काय?

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे रुग्ण आणि सोबतच्या माणसाची सोय होते. दोन्हीकडे रुग्णालयाचे कागद लागतात आणि जागा भरलेली असू शकते, म्हणून तारीख मिळताच चौकशी करावी. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला सवलत असते, तिचा अर्ज रुग्णालयाच्या सही-शिक्क्याने मिळतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहेच.

१४. केमोनंतर ताप आला आहे, पण भेट चार दिवसांनी आहे. तोपर्यंत थांबायचे का?

अजिबात नाही. थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक दिसले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून रुग्णालयात जावे. गोळीने ताप दाबून सकाळची वाट पाहू नये. मुंबई दूर असेल तर जवळच्या ज्या रुग्णालयात रक्ततपासणी आणि शिरेतून अँटिबायोटिक देण्याची सोय आहे, त्याचे नाव आधीच ठरवावे आणि फाइलच्या पहिल्या कागदावर लिहावे. तेथे पोहोचताच पहिले वाक्य ‘ताप आहे’ एवढेच नसावे. ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली’ हे त्याच दमात सांगावे.

१५. आईला कर्करोग आहे हे आम्ही सांगितलेले नाही. भेटी तिच्यापासून लपवून कशा घ्यायच्या?

हा प्रश्न फार घरांतून येतो आणि त्यामागची माया समजते. तरीही लपवून हा उपचार पुढे जात नाही. संमतीपत्रावर सही आईची लागते, केस जाणार आहेत, आणि ‘कर्करोग विभाग’ ही पाटी तिला वाचता येते. बहुतेक आयांना काय चालले आहे ते आधीच कळलेले असते. सर्जनना आधी चिठ्ठीवर कळवावे की तिला अजून पूर्ण कल्पना नाही. ते बेताबेताने, तिला झेपेल तसे सांगतात. कोणत्या भेटीत सांगायचे ते ठरवून त्या दिवशी तिच्या जवळचे माणूस सोबत ठेवावे.

१६. रुग्ण गरोदर आहे. सगळे उपचार बाळंतपणापर्यंत थांबवायचे का?

थांबवायचे नाहीत, क्रम बदलतो. शस्त्रक्रिया करता येते, काही केमो औषधे पहिले तीन महिने उलटल्यावर देता येतात, रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या मात्र बाळंतपणानंतर. प्रसूतितज्ज्ञ ट्यूमर बोर्डाच्या चर्चेत असायलाच हवेत. शेवटची केमो आणि प्रसूती यांत काही आठवड्यांचे अंतर ठेवायचे असल्याने दोघांच्या तारखा एकाच कागदावर लिहाव्या लागतात.

१७. मी परदेशात आहे, आईवडील साताऱ्यात. दुरून काय करता येईल?

कागदांची जबाबदारी घेता येते. अहवालांचे फोटो तारीखवार एका ठिकाणी ठेवणे, प्रत्येक भेटीपूर्वी तीनच प्रश्न लिहून पाठवणे आणि भेटीनंतर काय ठरले ते फोनवर ऐकून प्रश्न ४ मधील पानावर उतरवणे, हे उत्तम होते. डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. दर भेटीला वेगळा चुलतभाऊ पाठवू नये. सोबत जाणारे माणूस एकच असावे, मग ते शेजारच्या काकू असल्या तरी हरकत नाही.

१८. उपचार संपल्यावर कोणाकडे जात राहायचे?

पहिली दोन-तीन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा भेट असते. वर्षातून एकदा मॅमोग्राफी असते. हार्मोनच्या गोळ्या पाच वर्षे, काहींना दहा वर्षे चालतात. सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर या तिघांपैकी कोण पाहणार, हे शेवटच्या बैठकीच्या दिवशी विचारून फाइलवर लिहून घ्यावे. वहिनींच्या फाइलवर ते नाव लिहायचे राहिले होते आणि पहिल्या सहामाहीला आम्ही तिन्ही ओपीडींच्या रांगांत उभे राहिलो.